पाणी वाचवायला सांगण्याआधी

मे महिन्यात मालवण किनाऱ्यावर पाणी कमी पडतं, ही आता बातमी राहिलेली नाही. आचरा, चिंदर, वायंगणी, तोंडवळी या पट्ट्यात एप्रिल सरत आला की बावीचा, म्हणजे विहिरीचा, तळ हा घरोघरचा विषय होतो. नळाला कधी येणार, किती वेळ येणार, टाकी भरली का, मोटार बंद तर नाही ना, या प्रश्नांनी सकाळ सुरू होते. नवीन आहे ते इतकंच की गेल्या काही वर्षांत या पाण्याबद्दल आपल्याला विचारलं जाऊ लागलं. जलजीवन मिशनपासून तर गाव कृती आराखडा, पाणी समिती, महिला सभा, ग्रामसभा अशा पायऱ्याच बांधून दिल्या आहेत. कागदावर पाहिलं तर गावाला इतकं विचारणं याआधी कधी झालं नव्हतं. तरीही पाणी बचतीच्या सभेतून घरी परतणारा माणूस बहुतेक वेळा वैतागलेला असतो. ‘आमका सांगूक बोलयल्यानी, इचारूक नाय,’ हा सूर या भागात कोणत्याही वाडीत कानावर पडतो.

हा वैताग कितपत रास्त आहे, याचा नीट विचार व्हायला हवा. कुठल्याही एका ग्रामपंचायतीकडे किंवा एका अधिकाऱ्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटणारा नाही. लोकांची तक्रार पुष्कळशी खरी आहे, असं आमचं मत आहे. पण ती पूर्ण खरी नाही, आणि जिथे ती खरी नाही तिथेच आपलं जास्त नुकसान होत आहे.

आधी हे मान्य करू की काटकसरीची हाक खोटी नाही. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या जिल्ह्यात पाणी वाचवा म्हणणं अनेकांना पटत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. पण हा पाऊस चार महिन्यांत पडतो, आणि सह्याद्रीचा माथा ते समुद्र हे अंतर सुमारे पन्नास किलोमीटरचं. व्हाळांना, म्हणजे ओढ्यांना, रेंगाळायला जागाच नाही. वर सडे, कातळ आणि जांभा. जांभा पाणी पटकन पितो आणि तितक्याच पटकन सोडून देतो. खालच्या चिकणमातीच्या थरावर पोचलेलं पाणी उताराच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं, व्हाळाला मिळतं आणि पुढे खाडीत जातं. जुलैत काठोकाठ भरलेली बाव फेब्रुवारीत खोल जाते, ती कुणी पाणी चोरलं म्हणून नव्हे. जमिनीची घडणच तशी आहे.

खाडीकडेच्या आणि पुळणीलगतच्या वाड्यांचं गणित याहून नाजूक आहे. आचऱ्यात जामडूल, पिरावाडी, हिर्लेवाडी या भागातल्या जाणत्या माणसांना ते पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. वाळूच्या पट्ट्यात पावसाचं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते वजनाने हलकं असतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी डच आणि जर्मन अभियंत्यांनी या तरंगण्याचं ढोबळ प्रमाण मांडलं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर सपाटीखाली सुमारे चाळीस फुटांपर्यंत गोडं पाणी मिळतं. याची दुसरी बाजू भीतीदायक आहे. उपसा करून वरची पातळी एक फूट खाली नेली, तर खालचं खारं पाणी कालांतराने चाळीस फूट वर सरकू शकतं. वाडीत चार ठिकाणी मोटारी लागल्या आणि मे महिन्यात दिवसभर चालू राहिल्या, तर पाचव्या घराच्या बावीचं पाणी मचूळ होतं. त्या घरात मोटार नसली तरी. खाडीतल्या वाळूचा बेसुमार उपसा झाला की भरतीचं पाणी आणखी आत येतं आणि हेच नुकसान दुसऱ्या बाजूनेही होतं. एकदा खारी झालेली बाव एका पावसाळ्यात सुधारेलच याची खात्री नसते. म्हणून पाणी जपून वापरा असं कुणी सांगत असेल, तर त्या सांगण्यामागे विज्ञान आहे आणि गावाचा जुना अनुभवही.

आता सांगणारी यंत्रणा पाहू. जलजीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली. ग्रामीण भागातल्या प्रत्येक घराला २०२४ पर्यंत नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, असं उद्दिष्ट होतं. ते पूर्ण झालं नाही. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात मिशनची मुदत २०२८ पर्यंत वाढवली आणि पुढचा भर योजनांची देखभाल आणि जनभागीदारी यांवर राहील असं जाहीर झालं. मार्गदर्शक सूचना वाचल्या तर त्यांत गावाला मान दिलेला आहे. पाणी समितीत दहा ते पंधरा सदस्य, त्यांत निम्म्या स्त्रिया. गावातल्या कामांच्या खर्चात दहा टक्के लोकवर्गणी, डोंगराळ आणि वनक्षेत्रातल्या गावांना पाच टक्के. पाच स्त्रियांना पाणी तपासायचं प्रशिक्षण. आराखडा गावाने करायचा, ग्रामसभेने मंजूर करायचा. शिवाय १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायलाच हव्यात आणि नियमित ग्रामसभेआधी महिला सभाही.

मग बिघडतं कुठे?

बऱ्याच ठिकाणी आराखडा सभेपुढे येतो तोवर त्याचं अंदाजपत्रक झालेलं असतं. विहीर कुठे खोदायची, टाकी कुठल्या सड्यावर, जलवाहिनी कुठल्या पाणंदीने जाणार, हे तांत्रिक मंजुरीत ठरून गेलेलं असतं. उद्दिष्टाची घाई असते, ठेकेदाराची नेमणूक असते, पोर्टलवर माहिती भरायची असते. सभेला मग एकच गोष्ट उरते, ती म्हणजे ठरावाला सूचक आणि अनुमोदक देणं. लोक बोलतात. ज्या व्हाळाच्या काठी विहीर धरली आहे तो मार्चमध्ये आटतो, असं कुणीतरी वाडीतला म्हातारा सांगतो. त्याचं म्हणणं इतिवृत्तात येतं का? आलं तरी त्यावर उत्तर लिहून मिळतं का? नाही मिळत. पुढच्या वर्षी त्याच माणसाला काटकसरीच्या सभेला बोलावलं तर तो का येईल?

इथे समोर बसलेल्या ग्रामसेवकाची, म्हणजे आता ज्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात त्यांची, बाजूही ऐकायला हवी. आराखडा बदलण्याचा अधिकार त्यांना नसतो. पंपाचं वीजबिल दर महिन्याला येतं, पाणीपट्टी मात्र मार्चअखेरीच्या मोहिमेत गोळा होते आणि तीही पूर्ण नाही. नळ सोडणाऱ्या कर्मचाऱ्याचा पगार तुटपुंजा असतो. रात्री-अपरात्री व्हॉल्व्ह बंद करायला तोच जातो आणि शिव्याही तोच खातो. सभेत सगळा राग या दोघांवर निघतो, आणि ज्यांच्या सहीने योजना ठरली ते तिथे नसतात. गावाला विचारायचंच असेल, तर ज्यांच्या हातात बदल करणं आहे अशा पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याने त्या सभेला बसणं ही पहिली अट हवी. ऐकणाऱ्याच्या हातात काही नसेल, तर बोलणाऱ्याची चीड वाढतेच.

दुसरी अडचण तारखांची आहे, आणि तिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ग्रामसभा साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांभोवती होतात. पाण्याचं वर्ष या तारखांशी जुळत नाही. १५ ऑगस्टला व्हाळ दुथडी भरून वाहत असतात, मासेमारीचा हंगाम नुकताच सुरू झालेला असतो, पाण्याच्या काटकसरीवर कुणाचं चित्त नसतं. १ मे रोजी टंचाई डोक्यावर असते, पण त्या दिवशी करण्यासारखं फार थोडं शिल्लक उरतं. उरतो टँकर, नाहीतर एकमेकांवर आरोप. वनराई आणि कच्चे बंधारे घालायचे ते नोव्हेंबर-डिसेंबरात, व्हाळाला धार असेपर्यंत. त्याची आखणी ऑक्टोबरात व्हायला हवी. म्हणजे पाण्यासाठी खरी महत्त्वाची सभा २ ऑक्टोबरची. नेमकी तेव्हा भातकापणी तोंडावर असते आणि पाणी विपुल दिसत असतं, त्यामुळे विषयपत्रिकेवर पाणी शेवटच्या काही विषयांत ढकललं जातं. जानेवारीत बंधाऱ्यांचे आकडे वाचून दाखवले जातात. कुठल्या व्हाळावर किती गोणी लागल्या हे कळतं, त्यामुळे खालच्या बावीत किती दिवस जास्त पाणी राहिलं हे कळत नाही.

हे कळू शकतं, हे मुद्दाम सांगायला हवं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून राज्यात काम करते आणि निवडलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. सार्वजनिक स्रोतांची स्वच्छता तपासणी करून ग्रामपंचायतींना लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड देण्याची पद्धत आहे. गावात जलसुरक्षक आहेत. म्हणजे मोजणारी माणसं आहेत, मोजमापं होतात. फक्त ती जिल्ह्याकडे जातात, ग्रामपंचायतीच्या फलकावर येत नाहीत. ज्या बावीवर आपलं घर अवलंबून आहे तिची पातळी गेल्या पाच वर्षांत मार्चअखेर कुठे होती, हे एका कागदावर समोर ठेवलं, तर पाणी वाचवा हा उपदेश करावाच लागणार नाही.

आणि काटकसर सांगणाऱ्याने आधी आपला हिशेब उघडा करावा, ही लोकांची मागणी आम्हाला पूर्णपणे न्याय्य वाटते. माणशी ५५ लिटर धरले तर पाच माणसांच्या घराला दिवसाला २७५ लिटर लागतात. एखाद्या सांध्यातून मिनिटाला एक लिटर पाणी गळत असेल, तर दिवसाला १४४० लिटर वाया जातात, म्हणजे पाच घरांचं पाणी. पाणंदीत वर्षानुवर्षं ओल धरलेली एखादी जागा प्रत्येक वाडीला ठाऊक असते. तिथे आळवाची पानं कायम हिरवी असतात. ती गळती बुजवण्याआधी घराघरांत भांडी घासायचं पाणी कमी करा असं सांगितलं, तर बाईमाणसाला ते लागतं, कारण कळशीने पाणी भरताना एकेक तांब्या तिनेच जपलेला असतो. गळती शोधायला मोठं यंत्र लागत नाही. रात्री टाकी भरून पातळीची खूण करायची, वापर जवळजवळ थांबतो त्या वेळी व्हॉल्व्ह उघडे ठेवून पहाटे पातळी पुन्हा पाहायची. जेवढी उतरली तेवढी बहुतांश गळती. मग एकेका वाडीचा व्हॉल्व्ह बंद करत गेलं की दोष कुठे आहे ते सापडतं. शहरांतल्या जलखात्यांत हीच पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरतात. गावात दोन-तीन रात्रींत हे काम होईल, आणि पाणी समितीतल्या स्त्रिया नि वाडीतली तरुण मुलं सोबत असली तर त्या आकड्यावर कुणी शंका घेणार नाही.

विचारायच्या आधीच ठरवून टाकणं हा दोष फक्त गावपातळीवरचा नाही. महाराष्ट्रात २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा झाला. प्राधिकरणाने पाण्याच्या दराचे निकष ठरवायला घेतले तेव्हा सुरुवातीचा मसुदा इंग्रजीत आला. पुण्याच्या ‘प्रयास’सह अनेक संघटनांनी मराठी प्रत आणि ठिकठिकाणी बैठका मागितल्या, तेव्हा कुठे चर्चा शेतकऱ्यांपर्यंत गेली. २००६ मध्ये मुंबई महापालिकेच्या के-पूर्व विभागात, म्हणजे अंधेरी, जोगेश्वरी, विलेपार्ल्याच्या पूर्व भागात, जागतिक बँकेच्या मदतीने पाणी वितरणाच्या फेररचनेचा अभ्यास सुरू झाला. आपल्याकडचे कितीतरी चाकरमानी त्याच भागात राहतात. नागरिकांना बोलावलं गेलं, पण उत्तर खाजगी कंपनी हेच आधी ठरलं आहे अशी लोकांची भावना झाली. बैठका वादळी झाल्या आणि ती योजना पुढे गेली नाही. या दोन्ही प्रकरणांत लोकांनी विषय समजून घेतला, कागद मागितले, प्रश्न लिहून दिले. राग होता, पण त्या रागाला अभ्यासाची जोड होती. आपल्या सभांतून ही जोड कमी पडते हे कबूल केलं पाहिजे.

काटकसर साधलेली उदाहरणंही आहेत. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनने २०१८ च्या फेब्रुवारीत माणशी ५० लिटरची मर्यादा घातली. धरणांत किती पाणी आहे, शहराने गेल्या आठवड्यात किती वापरलं, हे दर आठवड्याला जाहीर होत होतं. तीन-चार वर्षांत शहराचा वापर निम्म्याच्या आसपास आला. मात्र तिथल्या सार्वजनिक नळावर जगणाऱ्या वस्त्या आधीपासूनच तेवढ्यात किंवा त्याहून कमी पाण्यात भागवत होत्या, आणि कपात झाली ती मुख्यतः बागा नि पोहण्याचे तलाव असलेल्या घरांत. आपल्यासाठी यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. एवढ्या मोठ्या शहराची आणीबाणीतली मर्यादा ५० लिटर होती, आणि आपलं स्वप्नातलं उद्दिष्ट ५५ लिटर आहे. नळावर अवलंबून असलेल्या घराला आणखी वाचवायला सांगण्यात फारसा अर्थ नाही. वाचवता येईल असं पाणी गळतीत आहे, बागायतीच्या आणि अंगणातल्या मोकाट नळीत आहे, हंगामी वापरात आहे.

हिवरेबाजारचं नाव अशा चर्चेत हटकून निघतं. पाऊस जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास, तरी तिथली ग्रामसभा दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडते आणि त्यावरून कुठली पिकं घ्यायची ते ठरवते. ऊस-केळीसारख्या पिकांना आणि शेतीसाठीच्या बोअरवेलला गावाने स्वतःहून मनाई केली. तिथल्या पोपटराव पवारांसारखं खंबीर नेतृत्व प्रत्येक गावाला मिळत नाही, हे खरं. कोकणातली विखुरलेली घरं, वाडीनिहाय बावी, बंद घरं यांमुळे ते जसंच्या तसं इथे आणताही येणार नाही. पण ताळेबंद आधी, ठराव नंतर, हा क्रम आपण तिथून नक्की घेऊ शकतो.

एकीची गोष्ट काढायची तर आचऱ्याला बाहेर बघायची गरज नाही. ग्रामदैवत रामेश्वराचा कौल झाला की दर चार वर्षांनी सगळा गाव तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर जातो. गुरंढोरं, कोंबड्या, कुत्री घेऊन. गावपळणीत अख्खा गाव रिकामा होतो, कुणाला नोटीस लागत नाही. मग हाच गाव पाण्यासाठी एकत्र का येत नाही, असं बाहेरची माणसं विचारतात, आणि गावातलीही. या प्रश्नाचं उत्तर आम्हाला गावपळणीच्या नियमात दिसतं. तो नियम सर्वांना सारखा आहे. मानकऱ्यालाही घर सोडावं लागतं आणि मजुरी करणाऱ्यालाही. राहुटीत सगळेच झोपतात. एकाने घरात राहायचं आणि दुसऱ्याने वेशीबाहेर, असं झालं असतं तर ही प्रथा कधीच मोडली असती. पाणी बचतीची हाक मात्र अशी सारखी पोचत नाही. ज्याच्या परसात स्वतःची बाव आणि दोन अश्वशक्तीची मोटार आहे त्याला ती लागू होत नाही. ज्याच्या निवास-न्याहारीत मे महिन्यात आठ खोल्या भरलेल्या असतात त्यालाही फारशी नाही. लागू होते ती सार्वजनिक नळावरच्या घराला, जे आधीच कमीत कमी वापरतं.

हे मांडताना कौलाला सल्लामसलतीचा नमुना मानण्याचा मोह आम्ही टाळतो. कौलावर प्रश्न विचारायचा नसतो, पाण्याच्या योजनेवर विचारायचाच असतो. बारा-पाच मानकऱ्यांच्या परंपरेत आवाज कुणाचा आणि किती, हे ठरलेलं असतं. ग्रामसभेत पिरावाडीतल्या मच्छीमार बाईचं मत आणि देवळाजवळच्या जमीनदाराचं मत एकाच वजनाचं असायला हवं. गावपळणीतून उचलायची ती समान झळ. बाकीचं ग्रामसभेनेच कमवायला हवं.

ती ग्रामसभा आपण काय करून ठेवली आहे? गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांतली कमी संख्या पुरते. आचऱ्यासारख्या मोठ्या गावात ती शंभरच होते. तरी सिंधुदुर्गातल्या वर्तमानपत्रांत तहकूब ग्रामसभांच्या बातम्या सतत येतात. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. म्हणजे आपण रागाने घरी राहिलो, की पुढच्या सभेत मोजकी माणसं गावाच्या नावाने सगळं मंजूर करतात, आणि ते कायद्याने बरोबर असतं. ज्यांना विचारलं जात नाही म्हणून चीड आहे, त्यांच्याच गैरहजेरीने न विचारता ठरवणाऱ्यांचं काम सोपं होतं. लोकांच्या वैतागातला हाच भाग आम्हाला मान्य नाही.

माणसांना सभेचा कंटाळा आहे असंही नाही. शेजारच्या वायंगणी-तोंडवळीत ‘सी वर्ल्ड’ प्रकल्पाची चर्चा सुरू झाली तेव्हा ग्रामस्थ मोठ्या संख्येने जमले, बोलले, ठाम राहिले. जमीन जाणार की राहणार हे तिथे ठरायचं होतं, म्हणून ते आले. पाण्याच्या सभेतही काहीतरी खरोखर ठरायचं बाकी ठेवलं, तर लोक येतील. पण थोडी जबाबदारी उलट बाजूनेही आहे. पाणीपट्टी थकवायची, नळाला परस्पर मोटार जोडायची, आणि सभेत टाकीच्या गळतीवर बोलायचं, हे चालणार नाही. थकबाकीची वाडीवार यादी फलकावर लागली तर काहींना ते झोंबेल. आमच्या मते ती लागावी, गळतीच्या आकड्याच्या शेजारी लागावी.

सर्वांत अवघड प्रश्न हंगामी वापराचा आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पर्यटनाने इथल्या घरांत पैसा आणला, मुलं गावात राहिली, याचं मोल मोठं आहे. चाकरमानी मे महिन्यात घरी येतात, तेही परके नव्हेत. घर त्यांचं, देव त्यांचा. पण बाव सर्वांत खोल जाते तेव्हाच गावातली माणसं वाढतात. वर्षभर बंद असलेलं घर आणि पाच माणसांचं नांदतं घर एकच सपाट पाणीपट्टी भरतात. निवास-न्याहारीचा दर काही ठिकाणी वेगळा असतो, काही ठिकाणी नसतो. मीटर हा यावरचा सरळ उपाय दिसतो, आणि तत्त्वतः आम्ही त्याच्या बाजूचे आहोत. तरी एक दिवसाआड पाणी येणाऱ्या नळाला मीटर बसवला की आधी हवा येते, काटा फिरतो, आणि बिलावरून भांडण लागतं. गरीब घर घाबरून कमी वापरतं, ज्याला परवडतं तो वापरतच राहतो. म्हणून सुरुवात घरगुती नळापासून न करता व्यावसायिक जोडण्यांपासून करावी, आणि टाकीच्या तोंडाशी एक मोठा मीटर बसवावा, म्हणजे किती पाणी गावात सोडलं याचा आकडा तरी पक्का होईल.

खाजगी बोअरवेलबाबत ग्रामसभा अगदीच हतबल नाही. पिण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून ५०० मीटरच्या आत, एकाच पाणलोटात परवानगीशिवाय विहीर खोदता येणार नाही, ही तरतूद महाराष्ट्रात १९९३ च्या कायद्यातच होती. पुढे २००९ चा भूजल कायदा आला आणि तो २०१४ पासून अमलात आला. हे नियम गावात वाचून दाखवले जात नाहीत. खोदाईचं यंत्र रात्रीत येतं आणि सकाळी गाळाचा ढीग दिसतो, तेव्हा विचारायला उशीर झालेला असतो. याच तालुक्यात १५३० सालचा धामापूरचा तलाव आहे. गावकऱ्यांनी बांधलेल्या या तलावाला २०२० मध्ये जागतिक सिंचन वारसास्थळाचा मान मिळाला, मालवण शहरही त्याचं पाणी पितं. तो जवळपास पाचशे वर्षं टिकला. पाण्याचा स्रोत इतका टिकायचा, तर त्याच्या वर आणि खाली कुणी काय करायचं याला मर्यादा लागतात आणि त्या पाळाव्या लागतात.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपुढे पाणी हा पहिला विषय घ्यावा आणि त्याआधी सात दिवस एक पानी हिशेब वाडीवाडीत वाटावा, एवढी आमची मागणी आहे. त्या पानावर सार्वजनिक विहिरीची चार हंगामांतली पातळी, पंप किती तास चालला, वीजबिल किती आलं, पाणीपट्टी किती जमली, रात्रीच्या चाचणीत किती पाणी गळालं, आणि गेल्या सभेतल्या प्रत्येक सूचनेचं काय झालं, हे लिहिलेलं असावं. महिला सभा सकाळच्या कामाच्या वेळात न ठेवता बायकांना सोयीच्या वेळी आणि शक्यतो वाडीत जाऊन घ्यावी. पाणीपुरवठा विभागाच्या अभियंत्याला बोलवावं आणि ते आले नाहीत तर तसं इतिवृत्तात नोंदवावं. तीन गोष्टी मात्र आधी न ठरवता सभेवर सोडाव्यात. या वर्षी पहिला बंधारा कुठल्या व्हाळावर, एप्रिलपासून नळाच्या पाळ्या कशा लावायच्या, आणि मे महिन्यात खाजगी मोटारी व व्यावसायिक जोडण्यांना कोणती मर्यादा. तिसऱ्या गोष्टीवर पहिल्या सभेत एकमत होईल असं आम्हाला वाटत नाही. ज्यांची बाव गोडी आहे ते विरोध करतील, खोल्या भाड्याने देणारे वेळ मागतील, आणि त्यांचं म्हणणं ऐकावंच लागेल. ठराव एका वर्षापुरता, प्रयोग म्हणून करावा, सार्वजनिक विहिरीजवळच्या मोटारींपुरताच मर्यादित ठेवावा, आणि १ मेच्या सभेत त्या विहिरीची पातळी मागच्या वर्षीच्या पातळीशेजारी लिहून तो पुन्हा मतास टाकावा.